एकोणतीस

द्वारकेला शकूर मिस्त्रीच्या गॅरेजबाहेर
माझी क्वालिस उभी आहे, बॉनेट उघडं टाकून.
रंग कधीकाळी चंदेरी होता.
मीटर चार लाख एकाहत्तर हजारांवर अडकलंय,
गाडी अडकलेली नाही.

कंपनीने ही बनवणं बंद करून जमाना झाला.
तरी वणी, त्र्यंबक, शिर्डी, सापुताऱ्याचा घाट,
नऊ माणसं, एक बोकड, रुखवताची ताटं,
एकदा पिंपळगावहून द्राक्षांच्या चाळीस पेट्या;
हिने कुरकुर केली नाही.
कुरकुर करायचे ते अण्णा.

अण्णा येवल्याचे. खड्डामागावरचे.
पाय पावड्यांवर, डोळे पदरातल्या मोरावर,
एकेका साडीला सहा सहा महिने.
दुसरा माग विकून मी ही सेकंडहँड आणली
तेव्हापासून तिला ते गाडी म्हणाले नाहीत.
"तुझं ते लोखंड," म्हणायचे.
"लोखंडाला वीण नसते, रंग्या."

शकूर आठवी नापास,
पण एकदा बंगळुरात ट्रेनिंगला आठ दिवस राहिलेला,
टोयोटाची वंशावळ तोंडपाठ.
नोझल पुसता पुसता म्हणाला,
हे लोक आधी मोटारवाले नव्हतेच.
मागवाले होते.

सुताराचा पोरगा. आई रात्र रात्र विणायची,
त्याने लाकूड तासून तिचं काम हलकं केलं.
मग करत करत असा माग काढला
की एक धागा तुटला तरी आपोआप थांबायचा.
त्याचे हक्क विलायतेला विकले,
त्यातनं त्याच्या पोराने मोटारीचा नाद पुरा केला.
पहिले ट्रक जागोजाग बंद पडायचे,
कंपनीची माणसं पान्हे घेऊन मागे धावायची.
नावातलं अक्षरसुद्धा बदललं:
त्यांच्या लिपीत आता आठ फटकारे होतात, आठ शुभ.
"तुमच्यात आठ शनीचा ना?" शकूर हसला.

रात्री येवल्यात अण्णांना हे सांगितलं.
कांडी भरत होते. मान वर न करता म्हणाले,
"थांबायचा?
त्याला कळायचं कसं?"
देश विचारला नाही, किंमत विचारली नाही.
"आम्हाला बोटाला कळतं," एवढंच,
आणि कांडी धोट्यात घातली.

सकाळी न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसले.
"त्या मिस्त्रीकडे ने."

विंचूरची चौफुली सोडली,
कांद्याचे ट्रॅक्टर मागे पडले.
"थांबव."
काय झालं?
"तुटतंय कुठंतरी. आधी थांबव."
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

फॅनबेल्टच्या कडेला दोरे सुटले होते,
बारीक, पांढरट, पिंजारलेले.
अण्णांनी धोतराला हात पुसले,
व्यापाऱ्याने आणलेल्या रेशमाचा कस बघावा
तसा एक दोरा दोन बोटांत धरला.
"सूत आहे हे."
हो.
"लोखंडात सूत आहे."

निफाडहून बेल्ट येईस्तोवर दोन तास
निंबाखाली तो दोरा पीळ उलगडत बसले.

शकूरने बिलाच्या पाठीवर चित्र काढलं:
प्रत्येक धाग्यावर एक पत्र्याची पट्टी लटकलेली,
धागा तुटला की पट्टी पडते, पट्टी पडली की माग बंद.
"म्हणजे धाग्यागणिक राखणदार," अण्णा म्हणाले.
चेहरा असा, जणू जरीकाठ पहिल्यांदा बघतायत.
मग, "आणि विणणारा? तो काय करायचा?"
"एकच माणूस तीस तीस माग सांभाळायचा, चाचा."
अण्णांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली.
"मग बाकीचे एकोणतीस?"

शकूर पान्हा शोधायला लागला.
पान्हा त्याच्या हातातच होता.

परत जाताना चांदोरीच्या पुढे म्हणाले,
"गाडी चांगली आहे तुझी."
गाडी म्हणाले.
मी एकदम गियर चुकवला.

विंचूरला चौफुलीवर वेग कमी केला
तेव्हा काचेतून बाहेर बघत,
कुणालाच नाही असं, पुन्हा म्हणाले,
"एकोणतीस."